दादाचं गारठलेलं मशीन

माझ्या वडिलांना माणसं मोडायची हौस होती आणि तिला ते शिस्त म्हणत. अंबत्तूरच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिकल विभागाचे फोरमन होते. चेन्नईत आमचं मराठी घर एकटं पडलेलं, त्यामुळे त्यांना टोकणारं कुणी नव्हतं. आई तर त्यांच्या प्रत्येक विनोदाला आधीच हसून मोकळी व्हायची.

ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालची. दादा बारावीला होता. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यानं रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकेक भाग आणला आणि गेम खेळण्यासाठी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला. पुढे त्याला हेच शिकायचं होतं, इंजिनिअरिंगला जाऊन. बाबांना तो बँकेत हवा होता.

सुरुवातीला मशीन झकास चाललं. मग एकदम बिघडायला लागलं. शर्यतीतली गाडी ऐन वळणावर आली की चित्र थिजायचं आणि आवाज अडकून किरकिरत राहायचा. कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. आईची पत्रं टाइप करताना मात्र काही व्हायचं नाही. गेम लावला की घात.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना विचारायचे, "काय इंजिनिअरसाहेब, गारठलं का मशीन?" पाहुणे आले की हा प्रयोग त्यांच्यासमोरही व्हायचा. दादाला मुद्दाम गेम लावायला सांगायचे. मला तेव्हा तो कप त्यांच्या हातून हिसकावून घ्यावासा वाटे.

एके दिवशी बाबांनी पैज लावली. "कॉलेजचे फॉर्म भरायच्या आत हे धड चालवून दाखव. खुशाल इंजिनिअरिंगला जा. नाही जमलं, तर बी.कॉम."

दादा इरेला पेटला. रॅम काढून तिचे दात खोडरबरानं घासले. विंडोज पुसून पुन्हा टाकलं. मित्राचं ग्राफिक्स कार्ड लावून पाहिलं, पॉवर सप्लाय बदलला, झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. यूपीएस मागितला, तर बाबा भडकले. "या घरातलं वायरिंग मी केलंय. त्यावर शंका?" घरच्या वायरिंगला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियमच होता. दादानं तो मोडला नाही. प्रत्येक दोष तो मशीनमध्ये शोधत राहिला आणि तिथे सापडेना, तेव्हा स्वतःमध्ये.

फॉर्मची तारीख आली. दादानं गुपचूप बी.कॉम.चा फॉर्म भरला आणि मशीन तांबरमच्या एका मित्राला देऊन टाकलं.

आठवड्याभरानं आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मशीन ठणठणीत चालू होतं. "सूपर मशीन, डा!" मित्र म्हणाला. दादा दुपारभर पडद्यासमोर बसून ते थिजायची वाट बघत होता. थिजलं नाही. परतताना ट्रेनमध्ये मला म्हणाला, "त्याच्या हाताला यश आहे. माझ्या नाही." नंतर त्यानं पेचकस हातात धरला नाही.

तो बँकेत लागला, तेव्हा बाबांनी घरी जेवण घातलं. कारखान्यातली मंडळी, दोन-चार मराठी कुटुंबं. पंगत रंगात आली आणि बाबांनी कारखान्यात नेहमी रंगवून सांगायचा त्यांचा आवडता किस्सा काढला. आम्ही तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

"याला बँकेत कुणी आणलं? मी! कॉम्प्युटरच्या प्लगमागचा भिंतीतला एक स्क्रू ढिला करून ठेवला होता. गेम लावला की मशीन जास्त करंट ओढणार, कनेक्शन दगा देणार. पठ्ठ्यानं सगळं मशीन खोललं, पण भिंतीकडे काही बघितलं नाही!"

सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा. मला शिसारी आली. त्या माणसाची, आणि त्याच्या हातचं वाढून घेतलेल्या माझ्या ताटाचीही.

दादा हसला नाही, चिडलाही नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. घास हातातच धरून त्यानं विचारलं, "म्हणजे बाबा, मी मशीन बरोबर जोडलं होतं?"

"एकदम बरोबर," बाबा मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावत म्हणाले. "म्हणून तर स्क्रू ढिला करावा लागला."