मेंढ्यांच्या कोपऱ्यातलं माझं नाव

वाईत आमच्या आळीतून घाटाकडे उतरताना डाव्या हाताला गुळाचं जुनं गोदाम आहे. चार वर्षांपूर्वी सांगलीची एक बाई ते भाड्याने घेऊन राहायला आली. वय चाळिशीचं, केस कापलेले, हात कायम कशाने तरी माखलेले. चित्रकार आहे म्हणे.

ती नेमकं काय करते, हे आळीला वर्षभर कळलं नाही. आधी ती माती मळताना दिसली, तेव्हा कुंभारकाम करते असं ठरलं. मग टेंपोतून हातमाग उतरला. पुढे ती कानाला हेडफोन लावून घाटावर बसायला लागली आणि धुण्याचे आवाज टिपून घ्यायला लागली. तेव्हा बायका आपोआप धुणं जरा नजाकतीने आपटू लागल्या. मीही. आपला आवाज कुठे जाणार, कुणास ठाऊक.

शेवटी मीच तिला तोंडावर विचारलं, की बाई गं, तुझं एक काही ठरत नाही का? तिला राग आला नाही. ती म्हणाली, "आजी, सांगायचं काय ते आधी ठरतं. मग ते मातीत बसतंय का सुतात, ते बघते."

त्यावर मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, हे न जमणाऱ्यांचं बोलणं. मग एकदा तिने मला गोदामात बोलावलं. वरून पांढऱ्या सुताचं लांबलचक कापड सोडलेलं होतं, त्यात मध्ये मध्ये तारा विणलेल्या. खाली भाजलेल्या मातीच्या भेगाळ ताटल्या. कुठूनसा पाण्याचा आवाज येत होता आणि पाणी मात्र कुठेच नव्हतं. माझं माहेर आटपाडीचं. कोरडी नदी मी झोपेतही ओळखीन. मी तिथल्या पोत्यावर बसले ते तासभर उठलेच नाही. त्या दिवसापासून मी तिची भक्त. ह्या वयात भक्त व्हायला देवळाऐवजी गुळाचं गोदाम मिळालं, असं आमचे हे म्हणतात. हे फौजेतून निवृत्त होऊन खूप वर्षं झाली, पण शिस्तीने टोमणा मारायची सवय गेलेली नाही.

तिची एक रीत मला फार आवडायची. कुठलीही वस्तू हातात आली, की ती आधी उलटी करून बघायची. टोपलीचा तळ, साडीची मागची बाजू, ताटलीची पाठ. पुढून वस्तू आपल्याशी गोड बोलते आणि मागून खरं बोलते, असं तिचं म्हणणं. मला ते फारच पटलं होतं. ते माझ्यावर येणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आलं ते माझ्याच फुशारकीने. एकदा बोलता बोलता मी म्हणाले, की आम्हीही काही कमी नव्हतो, माझं रुखवत बघायला अख्खी आटपाडी लोटली होती. तिचे डोळे चमकले. उद्या येते बघायला, म्हणाली.

आता त्या रुखवताची हकीकत सांगते. लग्नात नवरीने केलेल्या वस्तू मांडायच्या, आणि वरपक्षाने त्या बघून पोरगी हुन्नरी आहे म्हणायचं, अशी रीत. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि नाक फार वर होतं. मांडवात पाटी लावली होती: हे सर्व नवरीने स्वहस्ते केले आहे. त्यातला सुपारीचा भटजी शेजारच्या काकूंचा. काड्यापेटीतल्या काड्यांचं तुळशीवृंदावन मावसभावाचं. खरं माझं काय, तर दोऱ्याचा विणलेला एक हंस. तो ताठ राहावा म्हणून मी साखरेच्या पाकात बुडवला होता. अक्षता पडेपर्यंत त्याला मुंग्या लागल्या आणि हंस जागच्या जागी चालल्यासारखा दिसायला लागला. सासरच्या एका आत्याबाईंनी विचारलं, हा हलतो कसा? मी मान खाली घालून म्हटलं, तशीच कला आहे त्याची.

इथवर चालायचं. रुखवत म्हणजे गल्लीची मेहनत आणि नवरीचं नाव, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण एका वस्तूच्या बाबतीत मी पुढे गेले.

माझी एक मैत्रीण होती. तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, आमच्या घरासमोर. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आणि दिवाळीला आमच्याकडून करंज्या, असं दोन्ही घरांचं चालायचं. तिने माझ्या लग्नासाठी गोणपाटावर एक चित्र भरलं होतं. उन्हात निघालेला मेंढ्यांचा कळप. मेंढ्या खऱ्या लोकरीच्या, ऊन फुटक्या बांगड्यांच्या काचांचं, धूळ पिंजलेल्या कापसाची. बघितलं की घशाला कोरड पडायची. तिने ते माझ्या हातात दिलं, आणि मी घरी जाऊन कोपऱ्यात लाल दोऱ्याने माझं नाव भरलं.

ती लग्नाला आली. चित्रापुढे उभी राहिली, कोपरा बघितला, पंगतीत जिलेबी खाल्ली आणि काही न बोलता गेली. पुढे ती म्हसवडला दिली. सिद्धनाथाच्या दर्शनाला गेले की मी तिच्याकडे जेवूनच यायची. पण त्या चित्राचा विषय ना तिने काढला, ना मी.

तर चित्रकार उद्या येणार आणि चित्र उलटं करणार, हे मला पक्कं माहीत. मग मी काय केलं असेल? ह्यांच्या जुन्या फौजी शर्टाचं कापड काढलं आणि दुपारभर बसून चित्राच्या पाठीला अस्तर शिवून टाकलं. वीस वर्षांची ती लबाड पोरगी काही मेली नव्हती, तिला फक्त चष्मा लागला होता.

तिने चित्र उजेडाला नेऊन बघितलं. मग उलटं केलं. अस्तरावरून बोट फिरवत म्हणाली, दोरा नवा दिसतोय, उसवू का? मी म्हटलं, नको, ते ह्यांच्या फौजेतल्या शर्टाचं आहे, ह्यांचा जीव आहे त्याच्यात. पलंगावरून आवाज आला, "माझा कशात काही जीव नाही. खुशाल उसवा."

तिने उसवलं नाही. चित्र मात्र मागून नेलं. सांगलीला तिचं मोठं प्रदर्शन होतं, त्यात ते मधोमध लावायचं तिने ठरवलं. आठ दिवसांनी ती चित्राशेजारी लावायची छापलेली चिठ्ठी दाखवायला आली. वर माझं नाव, खाली ओळ: गोणपाट, लोकर, काच, कापूस. म्हणाली, "मला सगळे विचारतात, एक काही का धरत नाहीस. आता सांगीन, आमच्या आजींनी विसाव्या वर्षीच चार गोष्टी एका चित्रात आणल्या होत्या. तुम्ही माझ्या आधीच्या."

जिला मी एवढं मानत होते, ती मला मानायला लागली होती, आणि तेही दुसरीच्या कामावर. गप्प बसले असते तर सांगलीत हारतुरे मिळाले असते. खरं सांगितलं असतं तर गोदामाचं दार कदाचित बंद झालं असतं. मी कात्री घेतली, तिच्यासोबत गोदामात गेले आणि अस्तर माझ्याच हाताने उसवलं.

मेंढ्यांची पाठ पुढच्याइतकीच देखणी निघाली, एक टाका इकडचा तिकडे नाही. आणि कोपऱ्यात, माझ्या नावामागे, गाठींचं रान माजलेलं. तिने वाकून बघितलं.

"हात दोन आहेत," ती म्हणाली.

"दुसरा म्हसवडला असतो," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही, हसलीही नाही. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. त्यांना विचारल्याशिवाय हे भिंतीवर जाणार नाही, एवढंच म्हणाली. म्हणजे म्हसवडला जायला हवं होतं. वाई ते म्हसवड तिच्या गाडीत मी मनातल्या मनात वाक्यं जमवत होते. प्रदर्शनाचं मला एव्हाना काहीच वाटत नव्हतं. इतक्या वर्षांची एकच मैत्रीण, तीही आज जाते की काय, हे वाटत होतं.

माझ्या मैत्रिणीला आता नीट दिसत नाही. चित्र मांडीवर घेऊन तिने हाताने चाचपलं आणि बोटं बरोबर कोपऱ्यावर नेली.

"माझं चुकलं गं," मी म्हटलं. वाटेत जमवलेली बाकीची वाक्यं कुठे गेली, कळलं नाही.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "तुझं शेवटचं अक्षार मेंढीच्या पोटात शिरलंय. मांडवात ते बगून मला हसू आवरंना. म्हनून जिलेबी कोंबली तोंडात."

"राग नाही आला?"

"आला की. लय आला. पर दुसऱ्या दिवशी आला, तवा तू वाईला गेलीवतीस. सांगायचा कुनाला?"

मग आत्ता सांग, म्हटलं. आणि तिने सांगितला. चहा गार होईपर्यंत मला झोडपलं. हंसाच्या मुंग्यांपासून ते मी तिच्याकडून उसन्या नेलेल्या सुयांपर्यंत एकही गोष्ट ती विसरली नव्हती. चित्रकार खाली मान घालून बसली होती, खांदे मात्र हलत होते. मैत्रिणीचं बोलून झाल्यावर मी कात्री पुढे केली, की आता हे नाव काढूनच टाकते.

तिने माझा हात बाजूला सारला. "राहू दे. तेवढंच तर तुझं काम हाय त्यात."

मैत्रिणीने होकार दिला, पण सांगलीच्या प्रदर्शनात ते चित्र भिंतीवर नव्हतं. छताला दोऱ्यांनी टांगलं होतं, दोन्ही बाजूंनी बघता यावं म्हणून. नव्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत माझ्या मैत्रिणीचं नाव, आणि खाली बारीक: कोपऱ्यातलं नाव भरणारी. पुढे माझं नाव. लोक पुढून बघायचे आणि गप्प व्हायचे. मग मागे जायचे आणि हसायचे. माझी मैत्रीण शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसली होती. कुणी मागच्या बाजूला गेल्याचा आवाज आला, की ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "त्या गाठी हिच्या."

मी पदर सावरून ताठ उभी राहायची. ह्या वेळी पाटीवरचं सगळं खरं होतं.