बारा वर्षांखालच्यांचा झोका

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या अक्काचे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औसा तालुक्यातल्या आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो. त्याच्या कितीतरी आधी ती सातवीतून शाळा सोडून आईबरोबर खुरपायला जाऊ लागली होती. मी लातूरला खोली करून शिकत होतो तेव्हा माझा डबा गावाहून एसटीने यायचा. लातुरात शिकलेल्यांना हे सांगायला नको. सकाळी स्टँडवर गाडीतून डबे उतरायचे, प्रत्येकावर रंगाची काहीतरी खूण असायची, आपला ओळखायचा आणि खोलीवर न्यायचा. तो डबा गाडीत ठेवायला गावाच्या फाट्यावर रोज एक मुलगी उभी असते, हे मला तेव्हा फारसं आठवायचं नाही. भूक लागलेली असायची.

नागपंचमीला आमच्या गावात वेशीजवळच्या कडुलिंबाला झोका बांधत. सासरहून आलेल्या लेकी-बहिणींचा तो सण. त्या झोक्याचा एक नियम होता: नवा दोर बांधला की आधी मोठ्या माणसानं बसायचं, दोर टिकला तर मग पोरांनी. आमच्या घरातून आधी बसायची ती अक्का. एका वर्षी ती बसली आणि दोर तुटला. तिचं उजवं मनगट मोडलं ते गावातल्याच माणसानं बांधलं, आणि वाकडं जुळलं. पुढे माझ्या डब्यातल्या भाकरी त्याच मनगटाने थापलेल्या असायच्या. ती पडली तेव्हा तिच्यानंतर झोक्यावर बसायला उभा होतो तो मी.

आता मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपंचायतीत नोकरी करतो. मुलांच्या बागा माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी एका बागेत झोक्याची कडी उघडली आणि एक लहान मुलगी सिमेंटच्या कडेवर पडली. तिच्या कोपराचं हाड मोडलं. मोठी माणसं बसून बसून ती कडी आतून झिजली होती. मुलीला रिक्षात घेऊन दवाखान्यात मीच गेलो होतो. वाटभर ती रडली नाही, फक्त हाताकडे बघत होती. त्यानंतर मी नियम लिहिले. ओल्या घसरगुंडीवर चढायचं नाही. ओढणी मोकळी सोडून चक्रीवर बसायचं नाही. झोका फक्त बारा वर्षांखालच्यांचा. बोर्ड लावला आणि वॉचमनला बजावलं, कुणीही असो, उतरवायचं. या नियमाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आई-आण्णा गेले, गावातला लिंब रस्त्याच्या कामात गेला. अक्काचं माहेर म्हणजे आता माझं दुसऱ्या मजल्यावरचं घर. यंदा ती पंचमीला आली, अर्ध्या तिकिटात, लाह्यांची पिशवी मांडीवर घेऊन. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बहिणी भावासाठी उपवास धरतात. तिनेही धरला. मी त्या दिवशी ऑफिसात दोस्तांबरोबर भजी खाल्ली.

पंचमीला दुपारी दिंडं खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "झोका कुठं बांधलास रं?"

"बागेत हायत की, अक्का. माझ्याच बागेत. संध्याकाळी जाऊ."

मी हे बोलून गेलो तेव्हा माझा स्वतःचा नियम माझ्या मनातही आला नाही. पंचमीचा झोका डोक्याच्या एका कोपऱ्यात होता आणि बोर्डावरचा झोका दुसऱ्या. दोन्ही एकच, हे सुचलं नाही.

बागेच्या फाटकाशी पाच-सहा बायका हिरव्या बांगड्या भरलेल्या, रागावून उभ्या होत्या. वॉचमनने त्यांना झोक्यांवरून उतरवलं होतं. अक्का माझ्या मुलीचा हात धरून आत गेली आणि मी त्यांच्यात अडकलो.

"वर्साचा सण हाय साहेब. एक झोका घेतला तर बाग मोडती काय?"

"आन् आमी का ट्रक हाव का?" दुसरी म्हणाली, तशा सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग त्यांना त्या लहान मुलीची गोष्ट सांगितली, कडी कशी उघडली ते सांगितलं. त्यांची पोरं तिथंच खेळत होती. त्यांना पटत आलं होतं.

तेवढ्यात आतून शिट्टी वाजली. वॉचमन हिमायतनगरकडचा, नवीन, माझ्या घरच्यांना न ओळखणारा. तो ओरडला, "ओ मावशी! काय करून राहिले? उतरा! एवढा मोठा बोर्ड दिसत नाही काय?"

झोक्यावर अक्का बसली होती. पाय जमिनीवरून नुकते सुटले होते.

"बगा, अजून एक," माझ्या शेजारची बाई म्हणाली. "हिला उतरवतेत का बगू. साहेबाच्या घरची आसंल तर ऱ्हाईल बसून."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी चालत झोक्याजवळ गेलो आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, उतरा खाली. मोठ्यांना परवानगी नाही."

अक्का हसू लागली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिनं माझ्या खांद्यावरून मागं त्या बायकांकडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. ती उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चुकलं, साहेब."

"पप्पा, ही तर आत्या..." मुलगी म्हणाली. अक्कानं तिला ओढून घसरगुंडीकडं नेलं.

त्या बायका गेल्या. जाताना एकीनं मला नमस्कारही केला.

परतताना अक्काच बोलत होती. "आवाज लई मोठा हाय रं तुझा. आण्णावानी." मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "नियम तुझाच न्हवं? मग पाळावाच लागतंय की."

मुलगी मध्येच म्हणाली, "आत्या म्हणाली, आधी मी बसून बघते, मग तू बस."

दुसऱ्या दिवशी अक्का गेली. फोन केला की म्हणते, "माज्या मनात काय बी न्हाई," आणि पोरीला फोन द्यायला सांगते.

तिला उतरवलं याचं मला वाईट वाटत नाही. उतरवायलाच हवं होतं. पण "अक्का, उतर, नियम माझाच आहे" असं सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं. नियमही राहिला असता आणि बहीणही. मी बाई म्हणालो. आणि माझी अब्रू राखायला ती मला साहेब म्हणाली. फोनवर हे बोलता येईना म्हणून पत्र लिहिलं. तिला वाचून दाखवायला दुसरं कुणी लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलं.

*

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. त्या दिवशी मी तुला बाई म्हणालो. तू माझी कुणी नाहीस असं मी लोकांना दाखवलं. आदल्या दिवशी तू माझ्यासाठी उपाशी होतीस. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण तू लगेच केलं म्हणशील, आणि मला ते इतक्या लवकर नको आहे.

त्या बायकांपैकी एक परवा बाजारात भेटली. मी तिला सांगितलं, झोक्यावरची ती माझी सख्खी बहीण होती. ती म्हणाली, "मंग तवाच सांगायचं की साहेब. आमी काय खाल्लं असतं का तुमाला?" वॉचमनलाही सांगितलं. तो बिचारा घाबरला. मी म्हणालो, तू बरोबर वागलास, चुकलो मी.

बागेतला नियम बदलणार नाही. पण अर्धापूरजवळ माझ्या एका दोस्ताचं केळीचं रान आहे. बांधावर जुनी चिंच आहे, फांदी माणसाच्या कमरेएवढी. मी जाऊन बघून आलो. पुढच्या पंचमीला तिथं झोका बांधू. दोर नवा आणतो.

आधी मी बसणार. माझं वजन आता तुझ्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे तुला वाद घालता येणार नाही. तोवर तू पोरीला धरून बाजूला उभी राहा. दोर टिकला तर मग तू बस, आणि तुला वाटेल तेव्हाच उतर.

तुझा धाकटा भाऊ