गणपतीत मुंबई रिकामी असते

नितेश घाडीला स्वस्थ बसलेला भांडुपात कुणी पाहिलेला नाही. न्हाव्याच्या खुर्चीतूनही तो मधेच उठतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर काय चाललंय ते बघून येतो. अंधेरीच्या ऑफिसात त्याची खुर्ची फक्त बॅग टेकवायला. कोड लिहायचा तो उभ्याने, आणि विचार करायचा तर लिफ्टपर्यंत चकरा मारत.

अशा माणसाला त्याची टीम लीड गंधाली हिने नवा नियम लावला. आधी प्लॅन लिहायचा, मग कोडला हात. आणि तो प्लॅन तिच्याकडे यायच्या आधी एआय असिस्टंटकडून तपासून घ्यायचा. कंपनीचा सगळा कोड हा असिस्टंट वाचू शकत असे, आणि प्लॅन दिला की प्रश्न विचारत बसे. हे बंद पडलं तर? मागे कसं घेणार? नितेशने त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

कंपनीचं अ‍ॅप घरपोच किराणा, दूध, भाजी पोचवायचं. त्यात पैसे भरायची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची होती. महिनाअखेरीस जुन्या यंत्रणेचा करार संपत होता. नितेशने तारीख टाकली ती चतुर्थीच्या आदल्या दिवसाची, आणि खाली ठणकावून लिहिलं, 'गणपतीत मुंबई रिकामी असते. लोड सगळ्यात कमी. नवी यंत्रणा निवांत रुळेल.'

या निवांतपणात त्याचा जीव अडकला होता. यंदा कोकणातल्या गावच्या घरात गणपतीची पाळी त्यांच्या कुटुंबाची होती. मूर्ती घरी आणायची ती नितेशनेच, म्हणून त्याचे वडील, ज्यांना सगळा गाव दशरथकाका म्हणे, रोज फोन करत. "अरे, मूर्ती घराक कोण हाडतलो? तुझो कंप्युटर?"

शंकासुराने प्लॅन वाचला. पैसे परत करण्याचा भाग चांगला लिहिलाय म्हणाला. मग आलाच वळणावर. 'गणपतीत वापर कमी असतो, याला आधार काय? गेल्या वर्षी याच आठवड्यासाठी सौरभ यांनी सर्व्हर वाढवल्याचं कोडमध्ये दिसतंय.'

"आधार?" नितेश स्क्रीनवर खेकसला. "अरे, आमची आख्खी चाळ आधार आहे!"

खोटं नव्हतं. चतुर्थीला त्याच्या चाळीत कुलपं सोडून कुणी उरत नाही. पण जन्मापासून एकही चतुर्थी नितेशने मुंबईत काढली नव्हती. आपण निघालो की मागे शहर दिवा मालवून झोपतं, असंच तो धरून चालला होता. बोरिवली-मुलुंडात घरोघरी पाहुणे येतात, नारळ, फुलं, दूध पुरत नाही, हे त्याला कोण सांगणार? सांगणारे सगळे त्याच्याबरोबर गावाला.

तो लिफ्टपर्यंत गेला. परत आला. चहा घेतला, न पिता ठेवला. मग रिकाम्या मुंबईची ती ओळच पुसली आणि शंकासुराला सांगितलं, "तारीख सोड. फक्त कोडचे बदल बघ."

'कोडचे बदल ठीक आहेत. तारीख मी तपासलेली नाही,' उत्तर आलं.

नितेशने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचलून प्लॅनवर चिकटवलं. झकास! आता फक्त गंधालीला पाठवायचा. पण बोट काही बटणावर टेकेना. त्याने खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"काय रे, मुंग्या चावल्यात?" शेजारच्या टेबलावरून सौरभने विचारलं. हा बोरिवलीचा, घरी दीड दिवसाचा गणपती. "यंदा पण गावाला ना? जा बिनधास्त. मी आहे इकडे."

"गेल्या वर्षी... फार गडबड झाली होती का रे?"

"वाट लागली होती यार! आरतीला एका हातात टाळ नि दुसऱ्या हातात लॅपटॉप. आई म्हणाली, आता त्याचीच पूजा कर."

"मग मला फोन का नाही केलास?"

"देवाच्या कामात असशील म्हटलं. तुला काय पिडायचं?"

नितेश खाली बसला. ऑफिसातल्या दोघातिघांनी माना वळवून पाहिलं. त्याने चिकटवलेलं वाक्य काढलं, पुसलेली ओळ परत घातली, तिच्यापुढे लिहिलं, 'हे मी तपासलेलं नाही, मला गावाला जायचंय म्हणून लिहिलंय,' आणि प्लॅन पुन्हा शंकासुरापुढे ठेवला.

या खेपेला शंकासुराने उपाय सुचवला. आधीच्या आठवड्यात थोड्याच ऑर्डरी नव्या यंत्रणेवर टाकून बघा. गणपतीत काही हलवू नका. उरलेलं काम विसर्जनानंतर, करार संपायच्या आत.

गंधालीने प्लॅन वाचला, ती ओळ वाचून हसली. "जा. पण अकरा दिवस नाही हां. गौरी गेल्या की तू इकडे."

संध्याकाळी नितेशने चकरा मारतच फोन लावला. "बाबा, मूर्ती मीच आणतोय. पण विसर्जनाला नसेन."

 बोलता बोलता नितेश दोन मजले उतरला होता.

"ये तर खरो," दशरथकाका म्हणाले. "पण माका एक सांग. मूर्ती डोक्यार घेतलंस, की तेवढो वेळ तरी सरळ चलशील मा?"

नितेश जिन्यात थांबला. "हे मी तपासलेलं नाही, बाबा," तो म्हणाला आणि परत जिना चढायला लागला.