टोपलीतला गोलसर

कमलाक्कांनी टोपलीतून बांगडी उचलली.

"चुकलं," त्यांचे यजमान माधवराव म्हणाले आणि माझ्या ओळीवर काट मारली.

टोपलीत चार वस्तू होत्या: बांगडी, बटाटा, काड्यापेटी आणि माझ्या पतीच्या, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली बेअरिंगची पोलादी गोळी. माधवराव तंजावरी मराठीचा कोश करीत होते. शब्द न सांगता फक्त अर्थ वाचायचा, ऐकणाऱ्याने वस्तू उचलायची, ही त्यांची रीत. मराठीत एम.ए. होऊन मी पुण्याहून नुकतीच चेन्नईत आले होते. त्यांची माझी ही दुसरीच भेट. त्यांनी मला सोपवलेला पहिला शब्द होता 'गोलसर'. मी अर्थ लिहिला होता, 'गोल दिसणारा'.

"शब्द काय गं तो?" अक्कांनी विचारले. मी सांगितला.

"अय्यो, मग तसं सांग की मा! लग्नाआधी ह्यांच्या घरी पत्र गेलं होतं, मुलीचं तोंड गोलसर. ते वाचून हे बांगडी बघायला आले होते काय?"

माधवराव मोठ्याने हसले. "इतकी वर्षं समोर आहे, मला सुचलं नाही. लिही मा, पुन्हा लिही."

मी लिहिले, 'पूर्ण गोल नाही, पण कोपरेही नाहीत असा'.

"हिला आता शब्द कळला, हिची परीक्षा चालणार नाही," अक्कांकडे बोट दाखवत माधवराव म्हणाले. "उद्या सकाळी माझी बहीण येते आवडी उपनगरातून. तिनं बरोबर उचललं तर पान छापखान्यात. नाही तर हा शब्द या आवृत्तीत नाही."

"एकच तर शब्द आहे, राव," मी म्हणाले.

"मग तो नीट असू दे."

त्या संध्याकाळी ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. शब्दाचा विषय काढला नाही. पुण्याची आठवण येते का, एवढेच विचारले.

कोशात प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचे नाव आहे. विद्वानांची नावे थोडी, स्वयंपाकघरातली पुष्कळ. हा आग्रह माधवरावांचा. कोशाचे काम करणारे आम्ही सारे त्यांच्या हाताखाली हेच शिकलो: अर्थ आधी माणसाला विचारायचा, मग लिहायचा.

आता माधवरावांना पंचाहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांची प्रकृती खणखणीत राहो, आणि ती टोपली पुढची पुष्कळ वर्षे त्यांच्याच टेबलावर असो.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीहून त्यांच्या भगिनी आल्या. त्यांनी बटाटा उचलला.