सीटच्या शिलाईतलं बटण

निफाडला एका लग्नात जेवून बाहेर आलो, तर लावलेल्या जागी गाडी नव्हती. दोन माणसांची, उघडी, बिनदरवाज्याची गाडी. सांगाडा आणि फायबरची बॉडी सुट्ट्या भागांत मागवून, माझ्याच जुन्या गाडीचं इंजिन घालून मी ती घरामागच्या शेडमध्ये जोडली होती. दोन वर्षं लागली. सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढल्यावर हात रिकामे ठेवणं मला जमलं नसतं. आरटीओत बदलाची नोंद करायला नेली तेव्हा तिथले साहेबही हौसेने तिच्यात बसून पाहून गेले होते.

शोधत गेलो तर ती शंभरेक पावलांवर, बाभळीच्या सावलीत उभी. शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. द्राक्षांची पिकअप बाहेर काढायला अडचण होत होती, म्हणून त्यांनीच ती सरकवली होती. चावी कुठून आणलीत, असं मी विचारलं. त्यांनी खिशातून आपल्या ट्रॅक्टरची चावी काढली.

"हीच लागती," ते म्हणाले. "गाडी लय भारी हाय तुमची. पन निम्म्या निफाडाच्या खिशात तिची चावी हाय."

चूक माझीच होती. डॅशबोर्डवर शोभतो म्हणून मी ट्रॅक्टरचा स्विच बसवला होता, आणि तसल्या कुठल्याही स्विचला कुठल्याही ट्रॅक्टरची चावी बिनदिक्कत चालते. घरी परतताना बायको शेजारच्या सीटवर होती. ती घरी बॅगा शिवते. गाडीच्या सीटची कव्हरंही तिनेच शिवलेली. चांदोरी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बंदोबस्त करा. तो टिकतो का, ते मी चोर होऊन बघते."

मला त्यात अवघड असं काहीच वाटलं नाही. आठवडाभरात मी चांगल्या चावीचा नवा स्विच लावला आणि बॉनेटखाली सायरन. रविवारी सकाळी तिने बॉनेटचे चामडी पट्टे सोडले आणि सायरन नीट ओरडायच्या आत शिवणाच्या कात्रीने त्याची वायर कापली. मग डॅशबोर्डखाली हात घालून स्विचच्या दोन वायरी जोडल्या. ती युक्ती कधीतरी मीच कौतुकाने तिला सांगितली होती.

पुढच्या आठवड्यात मी पेट्रोलच्या पंपाला जाणारी वीज तोडणारं एक चोरबटण लावलं, स्टिअरिंगखालच्या पट्टीच्या मागे. तिने बसल्या बसल्या त्या पट्टीवरून बोट फिरवलं. सगळीकडे धूळ होती, एका जागेवर नव्हती.

"तुमचा हात मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळं हाताला सोयीचं लावता. आता पुढच्या रविवारी चोर तुम्ही व्हा."

त्या आठवड्यात तिने माझ्याकडून वायरी जोडायला शिकून घेतलं आणि दोन मीटर वायर मागितली. मी आनंदाने दिली. गाडीतली वायर न् वायर मी स्वतः ओढलेली. तिने काहीही केलं तरी मला दिसणारच, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

रविवारी मी दोन वायरी जोडल्या आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. ती ओट्यावर बसून होती. मी तिला हात हलवून दाखवला, फाटकाबाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेलो आणि गाडी दोन गचके देऊन बंद पडली. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवरच ती तेवढी चालली होती. म्हणजे पंप बंद होता, एवढं मला कळलं. पण तो कुठून बंद केलाय, ते तासभर शोधूनही सापडेना. बॉनेटखाली पाहिलं, टाकीपाशी पाहिलं, रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली पाहिलं. फुलवाली शेवंतीच्या माळा करता करता माझ्याकडे बघत होती.

शेवटी चालत घरी आलो आणि हरलो म्हणून सांगितलं. टूलरूममध्ये हा शब्द मी कधी कुणापुढे उच्चारला नव्हता. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ऊर अभिमानाने भरून आला. तिने मला गाडीपाशी नेऊन माझा अंगठा तिच्या सीटच्या कडेला शिवलेल्या गोटावर ठेवला. कापडाखाली एक चपटं बटण होतं. वायर तिने शिवणीतून नेली होती, माझ्याच वायरीच्या रंगाची.

त्यानंतर गाडीतून उतरताना ते बटण दाबून पंप बंद करायचं आणि बसल्यावर पुन्हा चालू करायचं काम तिच्याकडे आलं. गेल्या हिवाळ्यात इगतपुरीला चहासाठी थांबलो होतो. बाहेर येतो तर पुन्हा गाडी जागेवर नाही. रस्त्याच्या वळणापाशी घोळका दिसला. चार-पाच माणसं आमची गाडी ढकलत कडेला आणत होती. स्विच उचकटलेला होता, वायरी लोंबत होत्या. त्यांतल्या एकाने मला दिलासा दिला, "काळजी करू नका काका, तुमचा ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेलाय."

तो ड्रायव्हर अर्थातच परतला नाही. बायकोने सगळ्यांना चहा पाजला. पोलीस चौकीत आम्ही तक्रार लिहून दिली. हवालदाराने गाडीपाशी येऊन तिला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि बंद कशी पडली म्हणून विचारलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने अगदी शांतपणे सांगितलं की ते कुणालाच सांगायचं नसतं. मग मी लोंबत्या वायरी जोडल्या, ती आपल्या जागेवर बसली, आणि इंजिन सुरू झालं.