पण पहिल्याचं काय?

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका घाबरट माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नसेल. ताईनं गॅस बंद केल्याचं सांगितलं तरी भावोजी स्वतः वाकून शेगडी बघत. एसटीत कंडक्टरनं घंटी मारली तरी सगळे चढले का, हे मागे वळून पाहत.

याचं मूळ पेणला, त्यांच्या घरच्या गणपतींच्या कारखान्यात होतं. गडी रांग करून मूर्ती हातोहात ट्रकमध्ये चढवत. एकदा रांगेच्या सुरुवातीलाच एका मूर्तीचं बोट तुटलं. पहिला गडी ओरडला, पण गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. ट्रकमधला शेवटचा म्हणाला, "सगळं ठीक." भंगलेली मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी थेट पाटावर गेली. ती धास्ती भावोजींच्या मनातून कधीच उतरली नाही.

नव्वदच्या दशकात ते रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळू लागले. मी तिथेच स्टोअरला होतो. रोजचा बॅकअपही असाच हातोहात चाले. एक प्रोग्राम फाइली गोळा करी, दुसरा दाबून लहान करी, तिसरा टेपवर चढवी. लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, मात्र शेवटच्याचंच बोलणं उतरे: काम पूर्ण. साहेब खूश, आणि भावोजींच्या घशाखाली डबा उतरेना.

साहेबांसमोरच ते मला म्हणाले, "अरे, शेवटचा ठीक बोलतोय, पण पयल्याचं काय? तो बोंबलत असला तर आपल्याला कळणार हाय का?"

साहेब हसले. भावोजींनी मात्र तिघांचंही बोलणं, तक्रारींसकट, लॉगमध्ये उतरेल अशी स्क्रिप्ट लिहिली. दुसऱ्या दिवशी लॉग उघडला आणि ते पांढरेफटक पडले. पहिला सांगत होता, पगाराच्या फाइली वाचता येत नाहीत. अकाउंट्सवाल्यांनी त्या कुलूपबंद केल्या होत्या. कधीपासून, देव जाणे. म्हणजे कपाटातल्या टेपांवर कुणाचाच पगार नव्हता! कुलूप काढून नवी टेप भरेपर्यंत भावोजी कुणाला मशीनजवळ फिरकू देईनात. दार वाजलं तरी दचकत.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची डिस्क बसली, त्यावरच्या फाइली गेल्या. टेपवरून सगळं परत आलं. लोक पेढे मागू लागले, आणि हे खुर्चीत लॉग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत बसलेले. "आधीच बसली असती तर?"

आता ते निवृत्त आहेत, पेणहून फोन करतात. मी "घरी सगळे ठीक" म्हटलं की म्हणतात, "तुझं कळलं. आता एकेकाला फोन दे. आधी आईला."

आई वारली, तरी अजून पहिली पाळी तिचीच; तेवढ्यापुरते ते फोनवर गप्प राहतात. मग हळूच म्हणतात, "बरं, पुढं कोण हाय?"