जावेला जास्त गोळ्या

बोटं आखडली तेव्हा दिवाळे गावची सगुणा रडली नव्हती. जाऊ वेणूबाईची बोटं मोकळी झाली, तेव्हा मात्र रडली.

दोघींना संधिवात. बाजारात दोघी शेजारी बसून मासळी विकायच्या. डॉक्टर नंदिनींनी दोघींना मेथोट्रेक्सेटच सुरू केलं होतं. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, त्याला ही गोळी आवर घालते, म्हणाल्या. घ्यायची फक्त सोमवारी, आणि रक्त नेमानं तपासायचं. पण वेणूबाईला गोळ्या जास्त होत्या, सगुणाला कमी.

दिवाळीपर्यंत वेणूबाई सुरमई सटासट कापू लागली. सगुणाच्या हातातून सुरी निसटायची आणि गिऱ्हाईक हळूच जावेकडे सरकायचं.

"डॉक्टरीन तिलाच धार्जिनी हाय," ती नवऱ्याला, हिरामणला म्हणाली.

"मग इचार ना तिला जाऊन."

"कशाला? तिच्यापुढं हात पसरू?"

तिनं कुणालाच विचारलं नाही. गोळी रोज घ्यायला लागली. संपल्या की मेडिकलमधून आणायची. रक्त तपासायला वेणूबाई बोलवायला आली की म्हणायची, "मी कालच जाऊन आले."

मग तोंड आलं. चहासुद्धा घशाखाली उतरेना. अंगात ताप घेऊनही ती बाजारात बसली, कारण जाऊ बसली होती.

"तोंड दाखव गो," वेणूबाई म्हणाली. हिरड्यांतून रक्त येत होतं. तिनं दोन्ही टोपल्या तिथंच टाकल्या आणि रिक्षा थांबवली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या.

"गोळी कधी घेता?" डॉक्टर नंदिनींनी विचारलं.

"रोज."

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पुढं ओढला. "तुमच्या किडन्या कमजोर आहेत, सगुणाताई. औषध अंगात साचून राहतं, म्हणून कमी दिलं होतं. हे मी तेव्हाच समजावायला हवं होतं."

गोळी बंद झाली, उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. वेणूबाई उशाशी बसून पेज भरवायची. "किती जीव लावते जाऊ!" नर्स म्हणायच्या, आणि सगुणाला पेज कडू लागायची.

ती वाचली. तिला आता दुसरं औषध आहे, जरा संथ. रक्त तपासायला दोघी एकाच रिक्षातून जातात. सगुणाची बोटं आता थोडी वळतात. मधेच ती शेजारी चालणारी सुरी बघते आणि तोंड फिरवते.

"जळतेस अजून?" वेणूबाई विचारते.

"जळते," सगुणा म्हणते. "पन आता इचारून गोळी घेते."